सिक्युअर बूट बंद करा म्हटलं होतं, लेगसी चालू करा नव्हे

जुन्या पीसीवर विंडोज ११ टाकायचं असो की विंडोजसाठी बनलेल्या लॅपटॉपवर लिनक्स, पेनड्राइव्हवरून बूट झालं नाही की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: "बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद कर, लेगसी चालू कर." एका दमात, जणू ते एकाच बटणाचं नाव आहे. हे वाक्य वाचून वाचून मी कंटाळलो आहे, कारण त्यातला पहिला भाग कधीकधी लागतो आणि दुसरा भाग चालू असलेल्या मशीनची वाट लावतो.

लेगसी बूट, म्हणजे पीसी सुरू करायची जुनी बायोस पद्धत, दोन ओळींत आटपतो. फर्मवेअर, म्हणजे पीसी चालू होताच सगळ्यांत आधी धावणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतं, शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ एए ही खूण दिसली की तिथला कोड चालवतं. तो कोड कोणी लिहिला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, असा सेक्टर उचलत नाही. त्याला पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, कळतात, फॅट३२ ही फाइली मांडायची पद्धत कळते. डिस्कवर बूटसाठी राखलेलं ईएफआय सिस्टिम पार्टिशन ते उघडतं आणि त्यातली एक फाइल चालवतं. पेनड्राइव्हवर ती फाइल ईएफआय फोल्डरात, त्यातल्या बूट फोल्डरात, बूटएक्स६४.ईएफआय या नावाने असते. ती तिथे नसेल तर यूईएफआयच्या लेखी तो पेनड्राइव्ह बूटेबलच नाही.

आता खरी मेख. सिक्युअर बूट म्हणजे यूईएफआयच्याच वाटेवरची एक तपासणी. फाइल सापडली, आता चालवायची, त्याच्या आधी फर्मवेअर तिची डिजिटल सही बघतं. सही मान्य यादीत बसते का, आणि ती फाइल रद्द केलेल्यांच्या यादीत तर नाही ना, एवढंच. सिक्युअर बूट बंद केलं की ही तपासणी जाते, बाकी सगळं तसंच राहतं: तेच यूईएफआय, तेच पार्टिशन, तीच फाइल. लेगसी, म्हणजे बायोसच्या भाषेत सीएसएम (यूईएफआयमध्ये जुनी पद्धत चालवायची सोय), चालू केलं की दुसरी वाटच उघडते, आणि त्या वाटेवर सही तपासायची सोयच नाही. म्हणून बहुतेक बोर्डांवर सीएसएम चालू असताना सिक्युअर बूट चालू करता येत नाही.

नातं एकतर्फी आहे. लेगसी चालू केलं तर सिक्युअर बूट जातंच, पण सिक्युअर बूट बंद केल्याने लेगसी चालू होत नाही. गोंधळाचं मूळ इथे आहे. सहीमुळे अडलेला माणूस लेगसी चालू करतो, पेनड्राइव्ह लगेच बूट होतो, आणि तो जाऊन चारचौघांना तोच उपाय सांगतो. पेनड्राइव्ह सुरू झाला हे खरं, पण इन्स्टॉलर आता लेगसी मोडमध्ये उघडलाय. इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये उघडतो त्याच मोडची सिस्टिम तो डिस्कवर टाकतो. पुढच्या सगळ्या तक्रारी इथून निघतात.

विंडोजचा सेटअप म्हणतो, ही डिस्क जीपीटी आहे, इथे टाकता येणार नाही. डिस्कमध्ये काही बिघडलेलं नसतं. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर पार्टिशनं मांडायच्या नव्या आणि जुन्या पद्धती. लेगसीत उघडलेल्या सेटअपला एमबीआर हवी असते, यूईएफआयमध्ये उघडलेल्याला जीपीटी. पण घाबरलेला माणूस सगळी पार्टिशनं उडवतो आणि डेटा घालवून बसतो. रीस्टार्ट करून पेनड्राइव्ह यूईएफआयमधून उघडला असता तर तीच तक्रार आली नसती. लिनक्सवाल्यांचं दुखणं वेगळं: लेगसीत टाकलेला ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट मेन्यू, यूईएफआयमधल्या विंडोजला सुरू करू शकत नाही, मग "लिनक्सने माझं विंडोज उडवलं" अशी ओरड होते. विंडोज जागच्या जागी असतं. आणि बायोसमध्ये फक्त लेगसी ठेवलं तर आधीची यूईएफआय विंडोजही उठत नाही, काळ्या पडद्यावर योग्य बूट डिव्हाइस निवडा असा संदेश येतो. डिस्क मेली असं समजून कोणी नवी आणू नये. सेटिंग परत फिरवा, ती उठेल.

आपण कुठल्या वाटेवर आहोत हे ओळखणं अवघड नाही. सीएसएम चालू असलेल्या बोर्डाच्या बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी यूईएफआय लावून. दुसरा निवडा. हे बघायचं कोणी सांगत नाही याचा मला राग येतो, कारण अर्धे प्रश्न इथेच सुटतात. विंडोज चालू असेल तर सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट अशा दोन वेगळ्या ओळी तिथे दिसतील. लिनक्समध्ये सिस डिरेक्टरीत फर्मवेअरखाली ईएफआय नावाची डिरेक्टरी असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात, नसेल तर लेगसीत.

लक्षणंही वेगळी असतात. सिक्युअर बूटने अडवलं की बहुतेक फर्मवेअर तसं सांगतं: व्हायोलेशन, सही अमान्य, अशा शब्दांत. पेनड्राइव्ह यादीतच येत नसेल, किंवा नुसता कर्सर लुकलुकत बसला असेल, तर आधी मोड तपासा. पेनड्राइव्ह बनवतानाच रुफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी आणि सीएसएम नसलेलं यूईएफआय निवडलं तर तो लेगसीतून चुकूनही उघडत नाही. माझी पसंती कायम हीच.

लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंद करावंच लागतं हेही सरसकट खरं नाही. उबुंटू, फेडोरा आणि २०१९ मधल्या डेबियन १० पासूनचं डेबियन मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या शिम या छोट्या बूट प्रोग्रॅमवरून सुरू होतं, सिक्युअर बूट चालू ठेवूनही. काही नव्या लॅपटॉपांवर मात्र मायक्रोसॉफ्टच्या थर्ड पार्टी सर्टिफिकेटवरचा, म्हणजे शिमच्या सहीवरचा, भरवसा बंद असतो. तेवढा पर्याय बायोसमध्ये चालू करा, पुरतं. आर्च लिनक्सच्या अधिकृत इमेजला मात्र सिक्युअर बूट बंदच हवं. लेगसी यांतल्या एकालाही लागत नाही.

टीपीएमचा, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा चिपचा, या सगळ्याशी संबंध नाही. हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही असा संदेश आला, म्हणजे सेटअप उघडला, म्हणजे बूट झालेलं आहे. मग बूटच्या सेटिंग कशाला हलवता? ती सेटअपची अट आहे आणि रुफसमध्ये ती वगळता येते. सिक्युअर बूटची अटही पीसी त्यासाठी सक्षम असावा एवढीच आहे, ते चालूच असावं अशी नाही. अपवाद विंडोज ११ च्या २४एच२ पासूनच्या आवृत्त्यांचा: त्यांना प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचनांची सोय लागते. ती नसेल तर कुठलीही पळवाट चालत नाही, आणि बायोसमध्ये त्यावर इलाज नाही.

सीएसएम खरोखर लागतं तेव्हा ते चालू करायला माझी हरकत नाही. विंडोज ७ यूईएफआय मोडमध्ये टाकली तरी तिच्या डिस्प्लेला जुन्या बायोसची व्हिडिओ सेवा लागते. ती नसेल तर स्टार्टिंग विंडोजवरच गाडी अडते. जीओपी, म्हणजे यूईएफआयमध्ये चित्र दाखवणारा ड्रायव्हर, नसलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनवर काहीच न दिसण्याची शक्यता असते. ही कारणं खरी आहेत, फक्त त्यांचा सहीशी काही संबंध नाही.

लेगसीत टाकलेलं विंडोज १० आधीच असेल तर ते पुसायची गरज नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी हे टूल विंडोजमध्येच येतं. आधी व्हॅलिडेट चालवा, मग कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये यूईएफआय करा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं असतील तर ते नकार देतं. बॅकअप अर्थातच आधी. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर यातल्या कशालाही हात लावण्याआधी तो सस्पेंड करा, रिकव्हरी की दुसऱ्या जागी उतरवून ठेवा. नुसतं सिक्युअर बूट बंद केलं तरी पुढच्या स्टार्टला तो ती ४८ अंकी की मागू शकतो.