गाडीचं ऑइल कधी बदलायचं, हे ऑइललाच विचारूया

एक गाडी कासारवडवलीहून रोज वांद्रे-कुर्ला संकुलात जाते. दुसरी नेरूळहून अटल सेतूवरून शिवडीला. दोघींच्या पुस्तिकेत मात्र एकच वाक्य असू शकतं: १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल तेव्हा इंजिन ऑइल बदला. आता हिशेब करू. पहिली गाडी घोडबंदर रस्ता, कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका करत ताशी सरासरी २० किलोमीटरने सरकते असं धरलं, तर १०,००० किलोमीटर भरेपर्यंत तिचं इंजिन ५०० तास चाललेलं असतं. दुसरीची सरासरी ५० धरली तर २०० तास. किलोमीटरचा काटा चाकांचे फेरे मोजतो. ऑइलला चाकांशी काही देणंघेणं नाही, ते इंजिनात राहतं.

आणि तासही सगळे सारखे नसतात. गायमुखच्या चढावर भरलेली गाडी ओढणारा एक तास आणि सिग्नलला नुसतं धडधडत उभं राहण्याचा एक तास, दोन्हींत ऑइलचे हाल होतात, पण वेगळ्या तऱ्हेने. म्हणून मला वाटतं, ऑइलची अवस्था ऑइलच्याच नमुन्यावरून ठरवावी. ते करण्याचं शास्त्र बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या ऑइलमधले धातू मोजायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही लोकोमोटिव्हचं ऑइल ठरावीक काळाने प्रयोगशाळेत जातं, आणि अशी एक शेड आपल्या कल्याणला आहे. मोटारींच्या बाबतीत मात्र आपण अजून ऑइलची पातळी बघायच्या काडीवरच (डिपस्टिकवर) अडकलो आहोत.

काडी बाहेर काढायची, फडक्याला पुसायची, ऑइल काळं दिसलं की ‘गेलं’ म्हणायचं. ही रीत सर्रास चालते आणि ती चुकीची आहे. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही शे किलोमीटरांतच काळं होतं, कारण जळणातून आलेली काजळी ते स्वतःत धरून ठेवतं. काजळीचे कण एकमेकांना चिकटू नयेत, गाळ होऊन चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी बसू नयेत, यासाठी ऑइलमध्ये खास रसायनं घातलेली असतात. काळं ऑइल आपलं काम करत असतं. उलट स्वच्छ सोनेरी दिसणाऱ्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असू शकतं, आणि ते डोळ्यांना कळत नाही. काडी पातळी बघण्यासाठी उत्तम आहे. ती जरूर बघा, आणि पातळी वाढलेली दिसली तर कमी झाल्याइतकीच गंभीरपणे घ्या.

ऑइल थकतं म्हणजे काय होतं? त्यातलं मूळ तेल उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू बिघडतं. तापमान १० अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. त्याच वेळी त्यातली रसायनं खर्ची पडतात. जस्त आणि फॉस्फरसचं संयुग धातूवर झीज रोखणारा पातळ थर बनवतं, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं आम्ल मारतात. शिवाय बाहेरून भेसळ होते: इंधन, पाणी, धूळ, कूलंट. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते. इंजिन चांगलं तापलं तर ती उडून जाते. पण वाशीत घरापासून शाळेपर्यंत आणि परत, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल नीट तापतच नाही. ऑइल गरम व्हायला कूलंटपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे तापमानाचा काटा मध्यावर आला तरी आत ऑइल अजून थंडच असतं. वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ऑइल ताजं असेल हा समज त्यामुळेच फसवा आहे.

प्रयोगशाळेत पहिली तपासणी घट्टपणाची, म्हणजे व्हिस्कॉसिटीची. ५डब्ल्यू-३० या नावातला ३० आकडा सांगतो की १०० अंश सेल्सियसला ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असायला हवा. ऑइलमध्ये इंधन मिसळलं की हा आकडा खाली येतो. गरम झाल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या गिअर-चेनमध्ये चिरडून तुटल्या, तरीही खाली येतो. ऑक्सिडेशनने, म्हणजे ऑक्सिजनमुळे झालेल्या बिघाडाने, आणि काजळीने तो वर चढतो. इथेच एक सापळा आहे. ऑइल एका बाजूने इंधनाने पातळ आणि दुसऱ्या बाजूने ऑक्सिडेशनने घट्ट होत असेल, तर दोन्ही बिघाड एकमेकांना झाकतात आणि घट्टपणा अगदी नव्यासारखा दिसतो. त्यामुळे हा एकच आकडा बघून ‘ऑइल ठीक आहे’ म्हणणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. इंधनाचं प्रमाण आणि इन्फ्रारेड किरणांनी मोजलेलं ऑक्सिडेशन सोबत असायलाच हवं. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या मालकांनी तर इंधनाच्या आकड्याकडे आवर्जून बघावं. धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल उशिरा फवारलं जातं, आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. कोंडीत अडकून ही सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की काडीवरची पातळी चढू लागते.

दुसरा आकडा टीबीएन, म्हणजे आम्ल मारण्याची शिल्लक ताकद. नव्या ऑइलच्या निम्म्यावर ती आली की बदलायची वेळ जवळ आली, असा एक प्रचलित निकष आहे. अर्थात त्यासाठी त्याच ऑइलचा न वापरलेला नमुना आधी तपासलेला हवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर इंधनात गंधक १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग) खाली आलं. त्यामुळे गंधकाचं आम्ल पूर्वीइतकं तयार होत नाही आणि टीबीएन सावकाश उतरतो.

मला सर्वांत जास्त गुंतवतो तो धातूंचा भाग. दिवाळीत भुईनळ्यातून हिरवा रंग बेरियममुळे येतो आणि लाल स्ट्रॉन्शियममुळे, कारण प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर आपल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतं. स्पेक्ट्रोमीटर हेच करतो: ऑइलचा नमुना काही हजार अंशांना तापवतो आणि प्रकाशाच्या रेषा मोजून कोणता धातू किती आहे ते सांगतो. लोखंड सिलिंडर, क्रँक, कॅमशाफ्टमधून येतं, ॲल्युमिनियम बहुधा पिस्टनमधून, क्रोमियम रिंगांतून, शिसं आणि तांबं बेअरिंगमधून. सोडियम, पोटॅशियम एकदम वाढले तर कूलंट झिरपतंय का ते बघायचं. प्रमाणं अगदी सूक्ष्म असतात. इंजिनात ४ लिटर ऑइल असेल आणि लोखंड ३० पीपीएम आलं, तर सगळं मिळून सुमारे एक दशांश ग्रॅम लोखंड झिजलेलं असतं. इंजिन खोलल्याशिवाय एवढं कळणं मला आजही विलक्षण वाटतं.

सिलिकॉनचं उदाहरण आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ म्हणजे मुख्यतः सिलिका, म्हणजे सिलिकॉनचंच संयुग, लोखंडाला ओरखडणारं. घोडबंदर पट्ट्यात वर्षानुवर्षं मेट्रोचं आणि इमारतींचं काम चालू आहे. एअर फिल्टर फाटला, किंवा बदलताना त्याची कड नीट बसली नाही, तर ऑइलमध्ये सिलिकॉन चढतं आणि पाठोपाठ लोखंड, ॲल्युमिनियम. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून काहीच साधत नाही, हवेची वाट दुरुस्त करावी लागते. पण सिलिकॉन दिसलं की धूळच, असंही नाही. नव्या किंवा नुकत्याच खोललेल्या इंजिनात ते गॅस्केटच्या सीलंटमधून येतं आणि झीज न करता हळूहळू उतरतं. म्हणून एका धातूचा आकडा एकटा वाचू नये.

एका अहवालावरही निकाल देऊ नये. समजा ५,००० किलोमीटरांना लोखंड १५ पीपीएम आणि १०,००० ना ३० आलं, तर झिजेचा वेग तोच आहे, दर १,००० किलोमीटरांना ३. पण १०,००० ना ६० आलं तर दुसऱ्या टप्प्यात वेग तिप्पट झाला, आणि पुढच्या वेळी ऑइल त्याआधीच बदलायला हवं. मर्यादाही सांगतो: नेहमीच्या पद्धतीने स्पेक्ट्रोमीटरला सुमारे ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंगचे तुकडे पडू लागले असतील तर ते काढलेला ऑइल फिल्टर कापून पाहिल्यावरच दिसतील.

नमुना घेताना गाडी फिरवून आणा, ऑइल गरम असू द्या. ड्रेन नट काढल्यावर पहिली धार सोडून द्या, कारण तिच्यासोबत तळाचा गाळ येतो, आणि मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत सुमारे १०० मिलिलिटर घ्या. सोबत ऑइलचं नाव आणि ग्रेड, ते किती किलोमीटर चाललं, मध्ये किती भर घातली हे लिहा. भर घातल्याने धातूंचे आकडे खाली येतात, ते लपवलं तर अहवाल खोटा ठरतो.

घरच्या एका छोट्या पेट्रोल गाडीसाठी दर वेळी तपासणी परवडेलच असं नाही. तिचा खर्च आणि ४ लिटर ऑइलचा खर्च शेजारी ठेवून बघा. तरी एक-दोनदा करावी असं माझं ठाम मत आहे, विशेषतः गाडी जुनी घेतली असेल किंवा रोजचा प्रवास कोंडीतला असेल तर. टॅक्सी, शाळेच्या बस, टेम्पो चालवणाऱ्यांना ती नियमित करणं फायद्याचं आहे. मात्र वॉरंटी चालू असेपर्यंत अहवाल कितीही चांगला आला तरी पुस्तिकेतली मुदत ओलांडू नका. आणि त्याच पुस्तिकेत बहुधा ‘कठीण परिस्थिती’ म्हणून एक वेगळा तक्ता असतो: सतत थांबत-चालत वाहतूक, धूळ, छोट्या फेऱ्या. तिथली मुदत कमी असते, आणि ठाण्यातल्या बऱ्याच गाड्या त्याच तक्त्यात बसतात.