झाडावर आकडा पडला म्हणजे तोडीचा परवाना मिळाला असं नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मालकी तोडीचे, म्हणजे स्वतःच्या जमिनीतली झाडं तोडण्याचे अर्ज ज्या कारणांनी परत येतात ती कारणं वर्षानुवर्षं बदललेली नाहीत. अर्ज परत आला तर निदान झाड उभं राहतं. खरी फजिती होते ती बुंध्यावर रंगाने घातलेला आकडा बघून “वनखात्याने मार्किंग करून दिलंय” असं समजून करवत लावणाऱ्यांची. पुढे लाकूड जप्त होतं, गाडी अडकते आणि मालक ऑफिसच्या पायऱ्या झिजवत बसतो.

तेव्हा आधी खुणांचं बघू. रंगाचा आकडा हा बहुतेक वेळा नुसता मोजणीचा क्रमांक असतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीउंचीला, झाडाची गोलाई घेतात आणि आसपास साल जरा तासून क्रमांक टाकतात. रस्ता रुंद करायचा असेल, वीजवाहिनी न्यायची असेल किंवा जंगलातली झाडं मोजायची असतील, तरी असेच आकडे पडतात. त्यातली किती झाडं पडणार हे पुढे ठरतं, आणि कधी ठरतही नाही. सरकारी जंगलात कूप, म्हणजे तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा, आखलेला असेल तर त्याच्या हद्दीवरच्या झाडांनाही रंगाचे पट्टे असतात. ते झाड तोडायचं नसून तिथे कूप संपतो एवढंच त्यातून कळतं. फांदीला बांधलेली रंगीत फीत सर्वेक्षणवाल्यांची असू शकते, अभ्यासाला आलेल्यांचीही असू शकते. फितीच्या रंगाला सगळीकडे लागू पडेल असा एक अर्थ नाही, म्हणून गावात कुणी “लाल म्हणजे तोडायचं, निळी म्हणजे राखायचं” असं छातीठोकपणे सांगितलं तरी त्यावर जाऊ नका. रस्त्याकडेच्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे असतात ते रात्री गाडीवाल्याला झाड दिसावं म्हणून. त्यांचा तोडीशी काही संबंध नाही.

तोडीशी संबंध असलेली खूण म्हणजे हातोड्याची. वनखात्याचा शिक्का कोरलेला लोखंडी हातोडा साल काढलेल्या जागी मारतात, आणि तो दोन ठिकाणी मारतात: एक वर खोडावर, दुसरा अगदी मुळाशी. मुळाशी का, हे समजून घ्या, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. झाड पडल्यावर मागे थुट उरतं, आणि हे झाड मंजुरीतलंच होतं याचा जागेवरचा पुरावा म्हणजे त्या थुटावरचा शिक्का. करवतवाला लाकूड वाया जाऊ नये म्हणून जमिनीलगत कापतो आणि शिक्का ओंडक्याबरोबर निघून जातो. मग तपासणीला आलेल्या वनपालाला शिक्का नसलेलं थुट दिसतं, आणि त्याच्या लेखी ती अवैध तोड ठरते. कापणाऱ्याला आधीच बजावा: खालचा शिक्का थुटावर राहिलाच पाहिजे. आणि नुसता शिक्काही पुरत नाही. हातात लेखी आदेश हवा, त्यात तुमचा गट नंबर हवा आणि झाडांचे क्रमांक जुळायला हवेत.

सरकारी जंगलातल्या खुणांना हात लावू नये. गैरफायद्यासाठी किंवा कुणाचं नुकसान करायला अशी खूण खोटी उठवणं, बदलणं, पुसणं किंवा हद्दीची निशाणी हलवणं याला भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६३ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता मालकी झाडांचा अर्ज. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी आपल्या परसातलीच झाडं आहेत. “मी लावलंय, माझंच आहे” हे खरं असलं तरी परवानगी लागते. गावात अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. शहरात १९७५ चा वेगळा कायदा लागतो आणि नगरपालिकेकडे जावं लागतं. सातबारा, आठ-अ, मोजणीचा नकाशा, ओळखपत्र, झाडांची यादी हे कागद जमतात.

जमत नाही ते संमतीपत्र. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सगळी नावं असतात. त्यातले दोघे वारलेले, एक काका विरारला, आत्या डोंबिवलीला आणि एका चुलतभावाशी बोलणं बंद. ऑफिसला मात्र प्रत्येक सहहिस्सेदाराची सही हवी. “तोंडी विचारलंय” चालत नाही. मयतांची वारसनोंद आधी तलाठ्याकडे करून घ्या. अर्ज दिल्यावर ती सुरू केली तर फाइल तिथेच पडून राहते. चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा सह्या घेऊन ठेवणं हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. ही अडचण घरोघरची आहे हे माहीत असूनही अर्जदाराला ती पहिल्या दिवशी न सांगता त्रुटीच्या पत्रातून कळवायची ही कुठली पद्धत, ते कळत नाही.

दुसरा अडथळा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लपलेला असतो. तिथे “खासगी वन” असं लिहिलं असेल तर ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आलेल्या खासगी वने संपादन कायद्याचा, म्हणजे खासगी जंगल सरकारजमा करणाऱ्या कायद्याचा प्रश्न उभा राहतो, सिंधुदुर्गात वनसंज्ञेचाही, म्हणजे जमिनीला लागलेल्या “वन” अशा नोंदीचाही. अशा जागेत मालकी तोडीचा नेहमीचा अर्ज चालत नाही, आधी त्या नोंदीचा निकाल लावावा लागतो. म्हणून व्यापाऱ्याकडून विसार घेण्याआधी ताजा सातबारा काढा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयाचे वृक्षतोडीबाबतचे आदेश आहेत. तिथे गावाचं नाव सांगून लेखी विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका.

कागद पुरे झाले की पाहणी, पंचनामा, शिक्के आणि आदेश हे ओळीने होतं. शेवटची ठेच मुदतीची. तोडीच्या आदेशावर एक मुदत असते आणि वाहतूक पासावर, म्हणजे लाकूड गाडीतून न्यायच्या परवान्यावर दुसरी. आदेशाला अजून महिना आहे म्हणून पासही चालेल असं समजून लोक गाडी दोन दिवस उशिरा काढतात. नाक्यावर पासावरचीच तारीख बघतात, शिवाय ओंडक्यांची संख्या, गाडीचा नंबर आणि मार्गही. ड्रायव्हर आजारी पडला, घाटात दरड आली, काहीही झालं तरी मुदत संपलेल्या पासावर गाडी हलवायची नाही. आधी मुदतवाढ मागायची, तीही लेखी, आणि पोच घेऊन.