स्त्रीवादी पॉर्न

मुख्य प्रवाहातील प्रौढ चित्रपटांना पर्याय म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली निर्मितीची धारा. कलाकारांची संमती, त्यांना मिळणारा मोबदला, स्त्रीचे स्वतःचे सुख आणि शरीरांची विविधता यांवर तिचा भर असतो. ‘एथिकल पॉर्न’ (नैतिक अटी पाळून बनवलेले) आणि ‘क्विअर पॉर्न’ (समलिंगी, ट्रान्स अशा व्यक्तींचे) या तिच्या जवळच्या धारा. हे चित्रपट म्हणजे मंद उजेडातले सौम्य प्रणयपट, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. यातले काही चित्रपट बाजारातल्या कोणत्याही चित्रपटाइतकेच उघड असतात. फरक मुख्यतः चित्रीकरण कोणत्या अटींवर होते आणि कॅमेरा कोणाच्या बाजूने पाहतो, यात असतो.

या धारेचा उगम एका भांडणात आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी स्त्रीवादी चळवळ पॉर्नच्या प्रश्नावर दुभंगली. लेखिका आंद्रेआ ड्वॉर्किन आणि कायदेतज्ज्ञ कॅथरीन मॅकिनन यांच्या मते पॉर्न ही स्त्रीच्या दास्याचीच एक रीत होती. त्यांनी रचलेला पॉर्नविरोधी स्थानिक कायदा १९८४ मध्ये इंडियानापोलिस शहराने संमत केला, पण तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर न्यायालयात टिकला नाही. एलन विलिस यांच्यासारख्या लेखिकांचे म्हणणे वेगळे होते. लैंगिकतेवर बंधने घालण्याची स्त्रीला मोठी किंमत मोजावी लागते, असे त्या मांडत होत्या. हा वाद आजही मिटलेला नाही.

वाद विचारवंतांमध्ये चालू असताना पर्याय उभा केला तो या व्यवसायातल्या स्त्रियांनी. न्यूयॉर्कमधील काही अभिनेत्री १९८३ पासून ‘क्लब ९०’ या नावाने एकमेकींना आधार देण्यासाठी भेटू लागल्या. त्यांच्यातल्या कॅन्डिडा रॉयाल (१९५०–२०१५) यांनी १९८४ मध्ये ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही कंपनी काढली. पुरुषाच्या वीर्यस्खलनाच्या दृश्यावर प्रसंग संपवण्याचा ठरलेला साचा त्यांनी टाकून दिला आणि कथा, संवाद, चेहऱ्यावरचे भाव यांना जागा दिली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ‘ऑन अवर बॅक्स’ हे लेस्बियन स्त्रियांनी लेस्बियन स्त्रियांसाठी चालवलेले कामुक नियतकालिक निघाले.

युरोपात ही धारा उशिरा पोहोचली, पण तिला तिथे वेगळे आश्रयदाते मिळाले. दिग्दर्शक लार्स फॉन ट्रियर यांच्या झेन्ट्रोपा या डॅनिश कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्त्री-प्रेक्षकांसाठी असे चित्रपट काढले. स्वीडनमध्ये २००९ साली मिया एंगबर्ग यांनी निर्मिलेल्या ‘डर्टी डायरीज’ या लघुपट-संग्रहाला स्वीडिश चित्रपट संस्थेचे अनुदान मिळाले, आणि सरकारी पैसा अशा कामाला का, यावरून गदारोळ झाला. बार्सिलोनात स्थायिक झालेल्या स्वीडिश दिग्दर्शिका एरिका लुस्ट यांनी २०१३ पासून प्रेक्षकांनी लिहून पाठवलेल्या कल्पनांवर लघुपट काढायला सुरुवात केली. इकडे कॅनडातल्या टोरांटोत २००६ पासून ‘फेमिनिस्ट पॉर्न अवॉर्ड्‌स’ दिले जाऊ लागले. निर्मितीत स्त्रीचा ठोस वाटा, स्त्रीसुखाचे खरे चित्रण आणि रूढ प्रतिमांना छेद हे त्यांचे निकष होते.

प्रत्यक्ष कामाची पद्धत बरीचशी साधी आहे. काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे चित्रीकरणाआधी कलाकाराशी बोलून ठरते. लैंगिक आजारांच्या तपासण्या आधी होतात. कलाकाराला कोणत्याही क्षणी काम थांबवता येते. काही निर्माते कलाकारांच्या मुलाखतीही चित्रपटासोबत देतात. मात्र ‘एथिकल’ हा शिक्का देणारी सर्वमान्य यंत्रणा नाही. तो कोणीही स्वतःच लावून घेऊ शकतो, आणि सेटवर नेमके काय घडले हे पडद्यावरून कळत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. २००६-०७ नंतर फुकट व्हिडिओंच्या संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला आणि पैसे देऊन पाहण्याची सवय मोडली. कलाकार आणि तंत्रज्ञांना योग्य मेहनताना द्यायचा तर कोणीतरी वर्गणी भरावीच लागते. म्हणून असे बरेच चित्रपट सभासदत्वाच्या संकेतस्थळांवर असतात. त्यातही बँका आणि कार्ड कंपन्या प्रौढ व्यवसायाला जोखमीचा मानतात. त्यांच्या कडक नियमांचा भार मोठ्या कंपन्या पेलतात, लहान निर्मात्यांना तो जड जातो.

टीका दोन्ही बाजूंनी होते. पॉर्नविरोधी स्त्रीवादी याला जुन्याच मालाचे नवे वेष्टन म्हणतात. व्यवसायातले काही कलाकार मात्र उलट तक्रार करतात: एका गटाला ‘नैतिक’ ठरवले की बाकी सगळे काम आपोआप अनैतिक ठरते, आणि तिथे चांगल्या अटींवर काम करणाऱ्यांवरही तोच कलंक बसतो.