पी१६ पॉझिटिव्ह : एका तपकिरी डागाची पार्श्वभूमी

गर्भपिशवीच्या तोंडाच्या बायोप्सीचा रिपोर्ट येतो आणि त्यात एक ओळ असते : 'पी१६ : ब्लॉक पॉझिटिव्ह'. वाचणाऱ्याला वाटतं, पी१६ हे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या चामखिळीच्या विषाणूचंच नाव असणार. तसं नाही. पी१६ हे आपल्याच पेशीतलं प्रथिन आहे आणि पेशीचं विभाजन रोखणं हे त्याचं काम. एचपीव्ही-१६ मधला सोळा हा विषाणूच्या प्रकाराचा क्रमांक, तर पी१६ मधला सोळा हा प्रथिनाच्या वजनाचा आकडा. दोन्ही सोळा एकत्र आले हा निव्वळ योगायोग, पण गोंधळ उडवायला पुरेसा.

मग वाढ रोखणारं प्रथिन कॅन्सरच्या वाटेची खूण कसं झालं?

१९७० च्या आसपास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी संशय होता तो नागीण कुळातल्या हर्पिसच्या विषाणूवर. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गाठींमध्ये हर्पिसचा डीएनए शोधला, तो सापडला नाही. त्यांनी चामखिळीच्या विषाणूकडे मोर्चा वळवला. तिथेही सुरुवातीला हात रिकामेच राहिले, कारण चामखिळीचा विषाणू एकच नाही. आज त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि कातडीवरच्या चामखिळीतला प्रकार गर्भाशयमुखात शोधून काय मिळणार? अखेर जननेंद्रियांवरच्या चामखिळीतल्या प्रकाराचा डीएनए हाती आला, त्याच्या आधाराने जवळचे भाऊबंद शोधले, आणि १९८३ मध्ये एचपीव्ही-१६, पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८ सापडले. या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांच्या खाती जमा होतात. त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

त्यांच्या गटाने हेला पेशीही तपासल्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या या पेशी. त्यात एचपीव्ही-१८ निघाला. तोही सुटा नव्हे, पेशीच्या गुणसूत्रात घुसून बसलेला. मोडलेल्या अवस्थेत, पण ई६ आणि ई७ ही दोन जनुकं मात्र शाबूत आणि चालू.

गोम तिथेच होती. विषाणू कातडीच्या बारीक खरचटीतून सर्वांत खालच्या थरात शिरतो. त्याला स्वतःच्या प्रती काढायला विभागणाऱ्या पेशीची यंत्रणा लागते, आणि वरच्या थरातल्या पेशी तर विभाजन थांबवून बसलेल्या असतात. त्यांना पुन्हा कामाला लावायला ई७ हे पेशीच्या आरबी नावाच्या पहारेकऱ्याला निकामी करतं. तर ई६ हे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं पी५३ नावाचं प्रथिन नष्ट करवतं. एरवी विषाणूचं ई२ हे जनुक या दोघांना आवरून धरतं. पण विषाणू गुणसूत्रात घुसताना बहुतेकदा तेच तुटतं. विषाणूच्या दृष्टीने हा अपघातच, कारण अशा पेशीतून नवा विषाणू बाहेर पडत नाही.

आता पी१६ कडे. आरबी शाबूत असतं तेव्हा ते पी१६ चं उत्पादनही आटोक्यात ठेवतं. आरबी गेलं की पी१६ भरमसाट तयार होतं, पण ते ज्याच्यामार्फत विभाजन थांबवणार ते आरबीच जागेवर नसतं. सायकलचा ब्रेक मुठीत पूर्ण आवळलाय आणि वायर तुटलीय, तशी गत. म्हणून पी१६ दाखवणारा रंग लावलेल्या बायोप्सीवर पेशींचा सलग तपकिरी पट्टा, म्हणजेच 'ब्लॉक पॉझिटिव्ह', दिसला, की तिथे ई७ चं राज्य आहे असं पॅथॉलॉजिस्ट समजतात. हे प्रथिन १९९३ मध्ये ओळखलं गेलं, आणि २००१ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने गर्भाशयमुखाच्या निदानात त्याचा उपयोग ठळकपणे मांडला. मात्र हा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बरेचदा ती कॅन्सरपूर्व अवस्था असते. आणि तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरला हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही.

संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांत विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. टिकला तर काय, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर एका लाजिरवाण्या प्रकरणातून आलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० च्या दशकापासून तीव्र कॅन्सरपूर्व बदल असलेल्या काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं, तेही त्यांना न सांगता. १९८७ मध्ये त्याची न्यायिक चौकशी झाली. पुढे जुन्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की अशा स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. नीट उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. पाठ्यपुस्तकात हा आकडा निमूट बसलेला असतो.

हातात इतकी वर्षं असतात, तर तपासणी नेमकी कशाची करायची? बदललेल्या पेशींची की विषाणूची? याचं वजनदार उत्तर उस्मानाबादहून, आजच्या धाराशिवहून आलं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ पासून जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पॅप स्मिअर, काहींत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून नजरेने तपासणी. चौथ्यात तपासणीच नाही, नेहमीची सेवा तेवढी. २००९ मध्ये निकाल आला : एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दाखवली नाही. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांपैकी त्या आठ वर्षांत या कॅन्सरने एकही दगावली नाही.

त्या चौथ्या गटावर नंतर टीका झाली. ऑकलंडशी त्याची बरोबरी करणं मला पटत नाही. तिथे आजार माहीत असून उपचार टाळले, इथे मुळात तपासणीच पोचलेली नव्हती. तरी ते ६४ मृत्यू बाजूला सारून ३४ कडे बघता येत नाही.

एचपीव्ही चाचणीची अडचण उलटी आहे : ती फार जणींना पॉझिटिव्ह ठरवते, आणि त्यातल्या बहुतेकींचा विषाणू तसाही जाणार असतो. म्हणून त्याच नमुन्यावर पी१६ आणि केआय-६७ हे दोन रंग एकत्र लावतात. केआय-६७ म्हणजे विभागणाऱ्या पेशीची खूण. एकाच पेशीत ब्रेक आवळलेला आणि चाकं फिरतायत असं दिसलं, की त्या बाईला कॉल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून बघण्याच्या तपासणीला, बोलावतात.