खाड्याचं कर्ज : नागपुरातलं आजारपण, बुडालेली मजुरी आणि उधारी

नागपुरात घरातलं माणूस अचानक आजारी पडलं की पहिला प्रश्न असतो, मेडिकलला न्यायचं की मेयोला, म्हणजे इथल्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी कुठे. दुसरा, उपचार सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेत बसतो का. तिसरा प्रश्न पंधरा-वीस दिवसांनी येतो आणि तो कुणी मोठ्यानं विचारत नाही : या महिन्याचा हप्ता भरायचा कुठून? ऑपरेशनला एक रुपया लागलेला नसतो, तरी घर कर्जात बुडतं. शेजारपाजारी म्हणतात, दवाखान्यानं खाल्लं. पुष्कळदा ते खरं नसतं. आजारपण घराला दोन बाजूंनी कापतं : एक दवाखान्याचं बिल आणि दुसरी बुडालेली मजुरी. या शहरात दोन्हींवर इलाज झाले आहेत. पण एकाच घराला दोन्ही इलाज एका वेळी मिळाले, असं फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

सुरुवात मिलपासून करावी लागते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस ही कापड मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याआधी कोष्ट्याच्या घरात कुणी तापानं पडला तर माग अगदीच थांबत नसे. बायको, भाऊ, पोरं मिळून काम ओढून नेत. शेतातही तेच. मिलमध्ये नवऱ्याच्या जागी बायको उभी राहू शकत नव्हती. हजेरी लागली तर पैसे, नाही तर खाडा. आजार घराचा होता, तो आता एका माणसाच्या हजेरीचा झाला. पुढची सगळी गोष्ट मला या बदलातून निघालेली दिसते.

एम्प्रेस मिलनं १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. देशात हे फार लवकर झालं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. सरकारी कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२३ मध्ये आला. पण भरपाई मुख्यतः यंत्रानं केलेल्या इजेची होती. तापानं, हगवणीनं, छातीच्या दुखण्यानं महिनाभर अंथरूण धरलं तर ते ज्याचं त्यानं बघायचं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांमध्ये मध्य प्रांत होता. अशा वेळी घरात चूल पेटायची ती सावकाराच्या उचलीवर.

त्या उधारीचा हिशेब कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालात आहे. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात होती आणि बऱ्याच जणांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त होतं. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास चालणारा दर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्षाला तो ७५ टक्के होतो. पगाराच्या दिवशी सावकार किंवा त्याचा माणूस मिलच्या फाटकाशी उभा असे, आणि घरी पोचेपर्यंत पाकीट हलकं झालेलं असे.

इथे नागपूरचा एक विसरलेला अध्याय आहे. तो नीट सांगायला हवा, कारण आपल्या शहराच्या इतिहासात त्याचा उल्लेख सहसा येत नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी. या प्रांतानं १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारांचा कायदा केला. दोन्हींचा भर शेतकऱ्यावर होता. १९३६ मध्ये मात्र खास औद्योगिक कामगारांच्या कर्जाची फेड ठरवून देणारा कायदा झाला. कमी पगाराच्या कामगारानं कोर्टात जायचं, कोर्टानं त्याची मालमत्ता, देणी आणि पगार पाहायचा आणि झेपेल असा हप्ता बांधून द्यायचा. लगेच १९३७ मध्ये कर्जदार संरक्षण कायदा आला. वसुलीसाठी कर्जदाराला त्रास देणं, त्याच्या वाटेवर पाळत ठेवून अडवणं हा त्यानं गुन्हा ठरवला. कर्ज बुडवणं आणि कर्ज फेडता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या कायद्यानं तेव्हाच मान्य केलं होतं. हप्ता माणसाच्या कमाईकडे बघून ठरवायचा ही कल्पना मला आजही त्या सगळ्यात मोलाची वाटते.

पण कर्ज झाल्यावर ते सोडवणं एक, आणि मुळात कर्ज होऊच न देणं वेगळं. त्यासाठी खाड्याच्या दिवसाचे पैसे मिळायला हवे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना प्रा. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती नागपूरच्या कामगारांपर्यंत आली. सोमवारी पेठेतलं विमा रुग्णालय जुन्या कामगार वस्त्यांमध्ये अजून सगळ्यांना ठाऊक आहे, पण लोक त्याला औषधाचा दवाखाना म्हणूनच ओळखतात. या योजनेचा खरा प्राण औषधात नाही, आजारपणाच्या भत्त्यात आहे. आजच्या नियमाप्रमाणे आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग अशा ठरलेल्या ३४ दीर्घ आजारांत ती ८० टक्के होते आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ज्या घरात हा भत्ता वेळेवर आला, त्या घराला मंगळसूत्र घेऊन इतवारीच्या सराफ ओळीत जायची वेळ सहसा येत नाही.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. नोकऱ्या गेल्याचं दुःख तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. नोकरीबरोबर विम्याचं कार्डही गेलं, हे त्या वेळी फार कुणाच्या लक्षात आलं नाही. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत विमा आहे, पण महिना २१,००० रुपयांपर्यंतच पगार असणाऱ्यांना. शिवाय भत्त्यासाठी सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ठेकेदाराच्या हाताखाली सहामाहीत जेमतेम दोन महिने काम मिळणाऱ्याचा हिशेब तिथेच अडतो. आणि कळमन्याच्या बाजारातला हमाल, ई-रिक्षावाला, धंतोलीत चार घरी भांडी घासणारी बाई, ही माणसं या हिशेबात नाहीतच.

त्यांच्यासाठी पुढच्या काळात जे आलं ते बिलासाठी आलं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. नागपूरसह बाकीच्या राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर गेलं आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवण्याचं बंधनही आहे. या योजनांनी माणसं वाचवली आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावरून मंजुरी मिळते ती उपचाराची. अँजिओप्लास्टी फुकट झाली आणि डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलू नका म्हणून सांगितलं, तर त्या तीन महिन्यांसाठी कुठल्याच टेबलावर अर्ज नाही.

त्याच काळात कर्जाची जात बदलली. सावकार गेला नाही, पण त्याच्या शेजारी फायनान्सवाले आले. बायकांच्या गटाला कर्ज, आठवड्याची किंवा पंधरवड्याची मीटिंग, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. एकीच्या घरातलं आजारपण मग दहा घरांच्या डोक्यावर बसतं. घराचं तोंड बंद होतं ते इथे, कारण उद्या पाण्याच्या नळावर त्याच बायका भेटायच्या असतात. नोटाबंदीनंतर, २०१६ च्या अखेरीस, विदर्भात या कर्जांविरुद्ध बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या होत्या.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम पुष्कळ स्पष्ट आहेत. अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना-शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, धमकी द्यायची नाही. १९३७ च्या कायद्याचा सूर इथे पुन्हा ऐकू येतो. घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी, असंही बंधन आहे. पण हे उत्पन्न कर्ज देतानाचं. नवऱ्याचे १२,००० आणि बायकोचे ८,००० धरून १०,००० चे हप्ते बसले, आणि नवरा अंथरुणाला खिळला, तर हप्ते कमाईपेक्षा मोठे होतात. नियम कुणीच मोडलेला नसतो.

खासगी सावकारीसाठी राज्यानं २०१४ मध्ये नवा कायदा केला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, चक्रवाढ व्याजाला मनाई आहे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हे शेवटचं म्हणजे आपलं जुनं दामदुप्पटच. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते. तिथपर्यंत जाणारे थोडे, कारण तोच सावकार रात्री दोनला अॅम्ब्युलन्ससाठी पैसे देणारा असतो.

खाड्यासाठी हप्ता थांबवणं अशक्य आहे असं मात्र कुणी म्हणू नये. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेनं देशभरातल्या कर्ज देणाऱ्या संस्थांना कर्जदारांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि ती ३१ ऑगस्टपर्यंत चालली. व्याज चालू राहिलं, पण व्याजावरचं व्याज घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये सांगितलं. तेव्हा सगळ्यांची मजुरी एकाच दिवशी बंद झाली होती. एकाच घराची बंद होते, तेव्हा त्या घरानं हप्ता चुकण्याआधी डॉक्टरांच्या कागदासह लेखी अर्ज द्यायचा आणि कर्ज देणाऱ्याच्या निर्णयाची वाट पाहायची. तडजोड लोकअदालतीत झाली तर तिला कोर्टाच्या हुकुमाचं बळ मिळतं. तिथे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.