वाड्याची बाग (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्यातील देसाई, सरदेसाई, इनामदार आणि छोटे संस्थानिक यांच्या वाड्यांलगत किंवा वाड्यापासून हाकेच्या अंतरावर राखलेली विहीर, फळझाडे व फुलझाडे यांची जागा. आखीव ताटवे किंवा हिरवळ हे तिचे लक्षण नव्हे. ती आधी पाण्याची सोय, मग फळांची आणि देवपूजेच्या फुलांची. सावलीत बसणे त्यानंतर येते. बाग पाहायला जाणाऱ्याने याच क्रमाने पाहिली, तर पडझडीतही ती बरीच कळते.

संज्ञा : सीमाभागात या जागेला मराठी व कन्नड अशी दुहेरी नावे आहेत आणि एकाच घरात ती दोन्ही चालतात. वाड्याच्या मागच्या दाराशी असते ते परडे किंवा हित्तल. तेथे तुळस, अनंत, तगर, पारिजातक, कढीलिंब, लिंबू. विहिरीवर भिजते तो मळा किंवा तोट. आंब्यांची दाट लागवड म्हणजे आमराई, कन्नडात तोपु. ‘आमराई’तील ‘राई’ संस्कृत ‘राजि’ (रांग) या शब्दावरून आली, असे सामान्यतः मानतात. ‘राय’ म्हणजे राजा हा अर्थ लोकांच्या तोंडी आहे खरा. पण देवराई हा शब्द पाहता पहिली व्युत्पत्ती अधिक पटते.

पाणी : बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर आहे. पश्चिमेस खानापूरच्या अंगाला सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. पूर्वेस अथणी-रामदुर्गाकडे तो निम्म्याहूनही कमी. त्यामुळे पश्चिमेकडच्या परड्यात फणस, नारळ, सुपारी सहज दिसतात, तर पूर्वेकडे विहिरीवाचून बाग उभी राहत नाही. मुंबई इलाख्याच्या जमीनपाहणीत जिरायत, तरी (भाताची) आणि बागायत असे वर्ग होते, आणि बागायतीचे पुन्हा पाटस्थळ (पाटाच्या पाण्यावरची) व मोटस्थळ (बैलांच्या मोटेने विहिरीतून ओढलेल्या पाण्यावरची) असे दोन. वाड्यांच्या बागा बहुतांशी मोटस्थळ असाव्यात. मोटा केव्हाच गेल्या, पण त्यांच्या खुणा दगडात राहिल्या आहेत. विहिरीच्या काठाशी बैलांची उतरती धाव शोधावी, तिच्या तोंडाशी थारोळे, म्हणजे मोटेचे पाणी पडण्याचे दगडी कुंड. मोटेची चामडी सोंड वर्षानुवर्षे ज्या दगडावर रिकामी होत होती, तो मधोमध खोलगट झालेला असतो; डोळ्यांना चटकन दिसत नाही, तळहात फिरवला की कळते. थारोळ्यापासून दंड (पाण्याची चारी) कोणत्या बाजूला उतरतो ते पाहिले, की बागेचा जुना नकाशा हाती येतो: पहिले पाणी फुलझाडांना, मग लिंबू, पेरू, चिकू यांच्या आळ्यांना, आणि शेवटी, उरले तर, आमराईला. मोठ्या आंब्याला पाणी लागत नाही, हे माळ्याला ठाऊक होते.

कलमी आंबा : सीमाभाग गोव्याला लागून आहे आणि बागेतील अनेक झाडे त्या वाटेने आली. पेरू, चिकू, काजू, अननस, सीताफळ आणि देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. आंबा मात्र येथलाच. गोव्याकडून आली ती त्याची कलमे. कलमाची विद्या पोर्तुगीजांनी आणली की ती आधीपासून येथे होती, यावर मतभेद आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या प्रकरणात एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर किंवा मुळावर बसवण्याची रीत सांगितली आहे, म्हणजे कल्पना जुनी ठरते. परंतु ज्या झाडांना ती लावावी त्यांच्या यादीत फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादी असून आंबा नाही. आंब्याचे भेट कलम जेझुइट धर्मप्रचारकांनी गोव्यात रुळवले, हे मत त्यामुळे अजून टिकून आहे.

‘हापूस’ या नावाचा वाद याहून गाजलेला. आफोंसो दि आल्बुकर्क याच्यावरून ते पडले, असे सर्रास छापले जाते. त्याने १५१० मध्ये गोवा जिंकला व १५१५ मध्ये तो मरण पावला. इतक्या थोड्या काळात त्याच्या नावाचे कलम तयार होणे अवघड वाटते. व्हेनिसचा प्रवासी निकोलाव मनुची याने सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळी गोव्यातील आंब्यांची नावे दिली आहेत, त्यांत ‘निकुलाव आफोंसो’ हे एक आहे. हे नाव एखाद्या बागवाल्याचे असावे आणि हापूस त्यावरून आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. ‘आफोंसो’चा ‘आपूस’ झाला; बेळगाव-धारवाडकडे अजून ‘आपूस’च म्हणतात, ‘ह’ पुढे चिकटला. ‘पायरी’चा संबंध पेरेस या आडनावाशी जोडतात, आणि ‘मानकुराद’ हा ‘वाईट रंगाचा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश समजला जातो.

भेट कलमासाठी रायवळ (कलम न केलेल्या, कोयीपासून वाढणाऱ्या) आंब्याच्या कोयीचे रोप कुंडीत वाढवून ते चांगल्या झाडाच्या फांदीपाशी मचाणावर ठेवीत. दोन्हींची साल चार-पाच बोटे लांब तासून, हिरवी लाकडे एकमेकांना भिडवून, केळीच्या सोपटाने घट्ट आवळीत. दोन-तीन महिन्यांत सांधा धरला, की वर रोपाचा शेंडा आणि खाली फांदी कापून कलम सुटे करीत. जुन्या बागेत कलमी आणि रायवळ झाड ओळखण्याची खूण येथेच मिळते. कलमी झाड गुडघ्या-कमरेच्या उंचीवर फाटते व आडवे पसरते. सांध्याशी खोडाची जाडी आणि सालीचा पोत बदललेला असतो. रायवळ सरळ उंच जातो. रायवळांना दर बागेत निराळी नावे, तीही चवीवरून: शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या. कोयीपासून तोच आंबा पुन्हा उगवेलच असे नाही. म्हणून असे एक झाड पडले की एक चव कायमची जाते. वाड्याच्या भिंती उभ्या करता येतात, हे झाड येत नाही.

कायदे व ऱ्हास : १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला सनदा तपासण्याचे अधिकार मिळाले आणि अनेक घराण्यांच्या उत्पन्नाला कात्री लागली. पुढे मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने आणि १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे रद्द झाली. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या भूमिसुधारणेने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क मिळाला. हा न्याय होणे आवश्यकच होते. बाग मात्र त्यात वाटली गेली: विहीर एकाकडे, आमराई दुसऱ्याकडे, परडे वाड्याकडे. दंड बुजले ते तेव्हा.

स्थळे : कित्तूरच्या किल्ल्यातील सरदेसायांचा वाडा हे पाहण्याचे मुख्य ठिकाण, बेळगावहून धारवाडच्या वाटेवर सुमारे ५० किमी. बांधकाम सामान्यतः सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. १८२४ मध्ये राणी चन्नम्मांच्या सैन्याने इंग्रजांशी दिलेल्या झुंजीनंतर वाड्याची नासधूस झाली. न्हाणीघरे, हौद व पाणी आत खेळवण्याची व्यवस्था अवशेषांत ओळखता येते. बाहेरची हिरवळ अलीकडची आहे, तिच्यावरून जुन्या बागेचा अंदाज बांधू नये. निपाणीस आप्पा देसाई निपाणकर (सिधोजीराव नाईक निंबाळकर) यांचा वाडा, रामदुर्गास भावे संस्थानिकांचा. 

बागेत जाण्याचे दिवस : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ व पन्हे बागेतल्याच कैऱ्यांचे. कार्तिकात आवळीखाली भोजन. मार्गशीर्षाच्या एळ्ळ अमावास्येला बैलगाडीतून मळ्यात जाऊन जेवण्याआधी पिकात ‘चरग’ (नैवेद्याच्या अन्नाचे घास) टाकतात. हा मूळ कन्नड रिवाज मराठी घरांनीही उचलला आहे. खासगी वाड्याच्या बागेत विचारूनच शिरावे आणि झाडाचे फळ तोडू नये. पडलेले उचलायला सहसा कोणी ना म्हणत नाही. कलमी झाडांचा सांधा पाहण्यासाठी हिवाळा चांगला, कारण तेव्हा बुंध्याभोवती गवत सुकलेले असते. रायवळ चाखायचा असेल तर मेच्या अखेरीस, पहिल्या वळिवानंतर आणि मृगाच्या आधी.