'रझाकार' या शब्दाचा प्रवास

मराठवाड्यात कुणी दांडगाई करायला लागला की म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, "काय रझाकारी लावलीस रे?" भांडण बांधाचं असो की पाण्याच्या पाळीचं, शब्द तोच. मुळात रझाकार म्हणजे स्वयंसेवक. इतक्या सोज्वळ शब्दाची ही गत कशी झाली ते पाहिलं, की वंशसंहाराचे अभ्यासक ज्या पायऱ्या सांगतात त्या वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत.

वंशसंहार, म्हणजे 'जिनोसाइड', हा शब्दही तसा नवाच. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने तो १९४४ मध्ये घडवला. संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार ९ डिसेंबर १९४८ ला मंजूर केला, म्हणजे निजाम शरण आल्याला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा. पुढे १९९६ मध्ये ग्रेगरी स्टँटन या अमेरिकन अभ्यासकाने वंशसंहाराचे आठ टप्पे मांडले, नंतर ते दहा केले. आपण आणि ते अशी वाटणी, मग खुणा, भेदभाव, समोरच्याचं माणूसपण काढून घेणं, टोळ्या बांधणं, मधल्या माणसांची तोंडं बंद करणं, तयारी, छळ, संहार आणि शेवटी 'असं काही घडलंच नाही'. या पायऱ्या जिन्यासारख्या एकीनंतर एक येत नाहीत, बऱ्याचदा तीन-चार एकदमच चालू असतात. मला त्यातली सगळ्यात निसरडी वाटते ती नाव चिकटवण्याची.

रवांडात हे उघड दिसतं. माणूस हुतू की तुत्सी (तिथले दोन समाज), हे बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात ओळखपत्रावर लिहायला सुरुवात केली. १९६०च्या दशकात सीमेपलीकडून हल्ले करणाऱ्या तुत्सी बंडखोरांना 'इन्येंझी', म्हणजे झुरळं, म्हणत. तीसेक वर्षांनी तेच नाव शेतात राबणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक तुत्सीला लागलं. १९९३ मध्ये सुरू झालेलं एक रेडिओ केंद्र ते दिवसरात्र घोकत होतं. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं. त्यानंतरच्या शंभरेक दिवसांत निदान पाच लाख, बऱ्याच अंदाजांनी आठ लाख माणसं मारली गेली. नाक्यावर ओळखपत्र बघायचं आणि कोयता चालवायचा.

आता आपल्याकडे. निजामी राज्यात बहुसंख्य प्रजा हिंदू होती. सत्ता, वरच्या नोकऱ्या आणि दरबाराची भाषा मात्र दुसरीकडे. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांवर कारवाई झाली. इत्तेहादुल मुसलमीन या निजामाच्या बाजूच्या संघटनेने 'अनल मलिक'चा सिद्धांत लोकांच्या गळी उतरवला: राज्य निजामाचं एकट्याचं नाही, प्रत्येक मुसलमान त्याचा मालक. मागावर बसून पोट भरणारा विणकरही त्या हिशेबात राजाच. ही मालकी त्याला केवढ्याला पडणार होती, हे घोषणा देणाऱ्यांना भोगावं लागलं नाही.

लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहादचा पुढारी झाला आणि तिच्या स्वयंसेवकांच्या, म्हणजे रझाकारांच्या, हाती बंदुका आल्या. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला निजामविरोधी चळवळीतल्या गोविंदराव पानसरेंची हत्या झाली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातलं गोरटा गाव कापून काढलं. विरोध करणाऱ्या मुसलमानालाही सोडलं नाही: 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेला. मधल्या माणसांची तोंडं बंद करणं म्हणतात ते हेच.

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा संस्थानात घुसल्या, १७ तारखेला संस्थान शरण आलं. आणि मग शब्द घसरला. कालपर्यंत रझाकार म्हणजे बंदूकवाला. आता दाढीवाला दिसला की रझाकार, आणि सूड त्याच्यावर. नेहरूंनी पाठवलेले पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार नोव्हेंबर-डिसेंबरात गावोगाव फिरले. कमीत कमी धरूनही २७ ते ४० हजार माणसं गेली, असा त्यांचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांना. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. लातूर शहरात कत्तल वीसहून जास्त दिवस चालली, असं त्यांचा अहवाल सांगतो.

याला कायद्याच्या भाषेत वंशसंहार म्हणता येईल का? हेतू सिद्ध करावा लागतो, आणि ते कोणत्याही न्यायालयापुढे कधी गेलंच नाही. मी तो शब्द वापरणार नाही. पण शेवटची पायरी, न बोलण्याची, आपण नक्की चढलो. अहवाल छापला गेला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मृती संग्रहालयात तो लोकांना पाहायला मिळाला तो २०१३ मध्ये. दरवर्षी १७ सप्टेंबरच्या भाषणांत गोरटा येतं, अर्जापूर येतं, यायलाच हवं. त्या महिन्याचे पुढचे तेरा दिवस येत नाहीत.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना धरून राहिली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी आपल्याच लोकांशी मारामाऱ्या केल्या आणि त्यात काहींचे जीवही गेले.